गाडीपुढें काय जुंपावें?

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्यें उभा आहे. नद्यांवर पूल नव्हते त्या काळीं पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला प्रथम काठाचा उतार उतरावा लागे, मग वाळू तुडवावी लागे आणि शेवटीं समोरचा चढ चढावा लागे. यात्रेस निघालेल्या कुटुंबाची दमणी या काठावर आली म्हणजे गाडीवान खालीं उतरे, बैलांच्या पुढें होऊन कासरे आवरून धरी, आणि बायकामुलें आंत बसलेलीं असतां ती गाडी पावलापावलानें पाण्यापर्यंत नेई. चढावर बैल थकले, तर चाकाखालीं धोंडा सारून त्यांस विसावा देतां येई. उतारावर बैल बिथरले, तर धोंडा शोधण्यासहि सवड मिळत नसे. म्हणून जाणता गाडीवान बैल पारखतांना, हा किती ओढील, याच्या आधीं हा किती आवरून धरील, हें पाहत असे.

गाडीपुढें काय जुंपावें, हा प्रश्न अशा रीतीनें वऱ्हाडांत फार जुना आहे. कापूस वाहणारी बंडी निराळी आणि माणसें नेणारी दमणी निराळी. तेव्हां दोहोंचे बैलहि निराळे असत. बंडीला जड अंगाचा, संथ आणि भक्कम खांद्याचा बैल लागे. दमणीला हलका, चालीचा आणि शब्द ऐकणारा. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ बैल दुडक्या चालीबद्दल नांवाजलेला. पश्चिम महाराष्ट्रांतील खिलार वेगाबद्दल. नांदेडकडील लाल कंधारी कष्टाबद्दल. परंतु केवळ जात पाहून बैल घेणारा मनुष्य बाजारांत फसे. ओझें किती, रस्ता कसा आणि मागची गाडी कोणती, या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरून ठरवून जो निघे, त्यालाच योग्य जोडी मिळे.

गाडी भरण्याचेंहि एक शास्त्र होतें. ओझें मागच्या बाजूस अधिक पडलें म्हणजे गाडी उलाळ होई. जूं वर उचललें जाई आणि बैलांच्या गळ्यांतील पट्टा आवळूं लागे. तेंच ओझें फार पुढें आलें, तर सारा भार खांद्यांवर येऊन खांदे सोलवटत. म्हणून भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवावा, म्हणजे जूं खांद्यावर नीट टेकतें, ही गोष्ट शाळेचें तोंड न पाहिलेल्या गाडीवानासहि ठाऊक होती. पुढें कायद्यानेंहि ओझ्याचें माप बांधून दिलें. १९६५ सालच्या केंद्रीय नियमांनीं लहान बैलामागें दुचाकी गाडीचें ओझें ठरविलें: चाकांस हवेचे रबरी टायर असल्यास ७५० किलो, नसल्यास ५०० किलो, जोडी असल्यास त्याच्या दुप्पट. दिवसांतून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, आणि उष्णता ३७ अंशांवर गेली असतां दुपारीं बारा ते तीन या वेळांत जनावर जुंपूं नये, असेंहि तेच नियम सांगतात. ओढणाऱ्याच्या शक्तीला मर्यादा असते आणि ती आधींच मोजून ठेवावयाची असते, हें तत्त्व येथें स्पष्ट झालेलें आहे.

दमणी ही प्रवासाची गाडी खरी, पण तींत कोणी बिऱ्हाड थाटीत नसे. चाकांवर सबंध घर घेऊन केवळ हौसेनें हिंडावें, ही कल्पना इंग्लंडांत १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरानें अंमलांत आणली. त्यानें ब्रिस्टल येथील कारखान्यांत ‘वाँडरर’ म्हणजे ‘भटक्या’ या नांवाचें एक चाकांवरचें घर बांधवून घेतलें. त्याचें वजन सुमारें दोन टन होतें, आणि तें ओढावयास दोन घोडे होते. त्या घरासह तो दक्षिण इंग्लंडांतून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढें घोड्यांच्या जागीं मोटार आली, आणि १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मोटारीमागें जोडावयाचीं असलीं घरें कारखान्यांतून तयार होऊं लागलीं. यांस प्रवासी ट्रेलर म्हणतात. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं फिरत्या घरांतून पर्यटन करण्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. वऱ्हाडांत असे ट्रेलर क्वचित् दिसतात. परंतु पिकअप मोटार आणि ट्रॅक्टरमागची ट्रॉली मात्र गांवोगांव आहे. तेव्हां जो कोणी उद्यां प्रवासी ट्रेलर ओढण्याकरितां पिकअप घेऊं म्हणेल, त्यानें जुन्या गाडीवानाचे तीनहि प्रश्न पुन्हां स्वतःस विचारावेत.

पहिला प्रश्न ओझ्याचा. मागचा ट्रेलर आधीं ठरवावा आणि मग पुढचें वाहन. हा क्रम उलटा करूं नये. ट्रेलरचें वजन कारखान्याच्या पत्रकावरून धरूं नये. रिकाम्या ट्रेलरचें वजन एक आणि पाणी, गॅस, भांडीं, अंथरूण-पांघरूण भरल्यानंतरचें दुसरें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली कीं एक क्विंटल वाढला. भरलेला ट्रेलर वजनकांट्यावर नेऊन तोलणें, हाच खरा मार्ग होय. कापसाच्या गाड्या तोलणाऱ्या गांवांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट खांद्यावरच्या भाराची. ट्रेलरचा कांहीं भार पिकअपच्या मागील हुकावर टेकतो. अमेरिकन प्रघाताप्रमाणें तो ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा. तो याहून फार कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ होतो आणि वेग वाढतांच शेपटासारखा डावी-उजवीकडे हेलकावे खाऊं लागतो. अशा वेळीं घाबरून चाक फिरविणें किंवा पिकअपचा ब्रेक एकदम दाबणें घातक ठरतें. वेगाच्या पट्टीवरचा पाय काढून घेऊन चाक सरळ धरावें, आणि ट्रेलरचा ब्रेक स्वतंत्रपणें लावण्याची सोय असल्यास तोच हलका लावावा.

हा हुकावरचा भार पिकअपच्या स्वतःच्या पाठीवर पडतो, ही गोष्ट बहुतेक खरेदीदार विसरतात. एक उदाहरण घ्यावें. भरलेला ट्रेलर २,००० किलोंचा आहे आणि त्याचा २५० किलो भार हुकावर आहे. पिकअपमध्यें सरासरी ६५ किलोंचीं पांच माणसें बसलीं, म्हणजे ३२५ किलो झाले. सामान ७५ किलो धरलें. बेरीज ६५० किलो झाली. आतां त्या पिकअपची वाहण्याची शक्ती ६०० किलो असेल, तर जाहिरातींत ती ३,००० किलो ओढते असें कितीहि ठळक लिहिलेलें असो, घरून निघतांनाच ती ५० किलोंनीं अधिक लादलेली आहे. ओढण्याची शक्ती आणि वाहण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोहोंचा हिशेब जुळला पाहिजे.

आपल्याकडे मिळणाऱ्या पिकअप मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा टाटाची योद्धा यांसारख्या मालवाहू गाड्या ओझ्याला उत्तम. पण त्यांच्या नेहमींच्या बांधणींत पुढें दोन-तीन माणसांपुरतीच जागा असते. इसुझुची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स यांत बैठकीच्या दोन ओळी असून कुटुंब बसूं शकतें. किंमत मात्र बरीच अधिक. दोन्ही प्रकारांत सांगाडा लोखंडी चौकटीचा आहे काय, इंजिन कमी फेऱ्यांत पुरेसा जोर देतें काय, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर पुरेसें लांब आहे काय, हें पाहावें. कारण आंखूड गाडीला लांब ट्रेलर सहज हेलपाटतो. ट्रेलर ओढण्यास कारखान्याची अनुमति आहे कीं नाहीं, हें लेखी पाहावें. कायद्याच्या दृष्टीनें ट्रेलर हें मोटारवाहनच असल्यानें त्याची नोंदणीहि विसरूं नये.

उरला रस्त्याचा प्रश्न, आणि येथें पुन्हां नदीकांठचा तो उतार आठवावा. बाळापूरहून पातूर ओलांडून मेडशीकडे निघालें म्हणजे घाट लागतो. चढतांना इंजिनाची परीक्षा होते, उतरतांना ब्रेकची. वेग दुप्पट झाला कीं गाडीच्या अंगची गतिशक्ती चौपट होते, आणि ती सारी ब्रेकना जिरवावी लागते. केवळ पिकअपचे ब्रेक दोन टनांच्या ट्रेलरलाहि थोपवितील, ही आशा व्यर्थ आहे. युरोपांत ७५० किलोंहून अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, असा नियम आहे. आपल्याकडील खरेदीदारानेंहि तो स्वतःपुरता पाळावा. ट्रेलरनें हुकावर धक्का देतांच आपोआप लागणारे ब्रेक असतात, तसेच चालकाच्या हातचे विजेचेहि असतात. शिवाय हुक निसटल्यास गाडी धरून ठेवणाऱ्या दोन सांखळ्या हव्यात. उतारास लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. मध्यावर गेल्यानंतर घालूं म्हणणारा उशीर करतो.

याच न्यायानें ट्रॅक्टरचाहि विचार करावा. ट्रॅक्टर ओढण्यांत कोणाला हार जाणार नाहीं, म्हणून लग्नाचीं वऱ्हाडें आणि यात्रेकरू ट्रॉलींत बसवून नेण्याची चाल पडली आहे. परंतु शेतांत जोर करण्यासाठीं घडलेलें हें यंत्र आहे. त्याच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात. रस्त्यावर येतांना दोन्ही पट्ट्या एकत्र जोडावयाच्या राहिल्या, तर एकच चाक आवळलें जाऊन ट्रॅक्टर गर्रकन् वळतो. पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, आणि रात्रीं मागें दिवाहि नसतो. मालाच्या ट्रॉलींत माणसें नेण्यास कायद्यानें मनाई आहे ती याच कारणानें. ज्या घरांतील आजोबा दमणी उतरवितांना बैलांपुढें उभे राहत, त्याच घरांतील नातवानें चाळीस माणसें बिनब्रेकच्या ट्रॉलींत बसवावीं, ही प्रगति म्हणतां येणार नाहीं.

शेवटीं खर्चाचा विचार. वर्षांतून आठ दिवस ट्रेलर ओढावयाचा आणि उरलेले दिवस बाजारहाट करावयाचा, अशा घरानें अवाढव्य पिकअप घेणें म्हणजे दमणीसाठीं बंडीचे बैल बारा महिने दावणीला पोसणें होय. तेथें लहान व हलका ट्रेलर घ्यावा, किंवा त्या आठ दिवसांपुरतें योग्य वाहन भाड्यानें आणावें. ओढणारा कमी पडत असेल, तर ओझें कमी करावें. धाडस वाढवूं नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचा खांदा तुपा-हळदीनें मळून शेकण्याची रीत आहे. वर्षभर ज्या ठिकाणीं ओझें टेकलें, तें ठिकाण त्या दिवशीं धनी स्वतःच्या हातानें तपासतो. कोठें सूज आहे, कोठें कातडी फाटली आहे, हें त्याला तेव्हांच कळतें. ज्यांच्या दारीं आज पिकअप आहे, त्यांनीं प्रवासास निघण्याच्या आदल्या सायंकाळीं खालीं वांकून हुक, सांखळी, टायर आणि ब्रेक यांवरून असाच हात फिरवावा. मागच्या गाडींत घरचींच माणसें आणि घरचाच संसार असतो.