हाडांची दुसरी जबानी

उत्खननाचा अहवाल छापून झाला, निवडक वस्तू काचेच्या कपाटात लागल्या, मग उरलेली खापरं आणि हाडं विद्यापीठाने वर्षानुवर्षं कशाला सांभाळायची, असं पुष्कळांना वाटतं. जागेची टंचाई खरी आहे. पण अहवालात त्या वेळी सुचलेल्या प्रश्नांचीच उत्तरं असतात. नवा प्रश्न पडला की मूळ वस्तूच हाताशी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इनामगावच्या संग्रहाने हे दाखवून दिलं आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावात पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. गावाचा काळ साधारण इ. स. पू. 1600 ते 700. इथे मूल दगावलं की राखी रंगाचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवत, त्यांत ते मूल, आणि वर राहत्या घराची जमीन. त्या आयांनी मूल घराबाहेर जाऊ दिलं नाही, असंच मला वाटतं. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती बसली, लोक अर्धभटके झाले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. पुढे याच संग्रहातले दात आणि हाडं अभ्यासकांनी पुन्हा तपासली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ अजमावली. ती उत्तरकाळात खुंटलेली दिसली. मात्र हवामानाच्या नव्या नोंदी शेजारी ठेवून, सगळा दोष आटलेल्या पावसावर टाकता येत नाही, असं त्यांनी 2011 सालच्या पुस्तकात मांडलं. हा वाद मिटलेला नाही. पण तो घालता आला, कारण ती हाडं कुणी टाकून दिली नव्हती.

छायाचित्रं आणि मोजमापं जपली तर भागणार नाही का? नाही. दाताच्या आवरणावर आजाराच्या किंवा उपासमारीच्या काळात उमटलेली बारीक आडवी रेघ बघायला दातच हवा. मृतांना मातीत परत द्यावं, हा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो झटकून टाकू नये. अशा अवशेषांचा तमाशा न करता ते अदबीने हाताळावेत, इतकं तर आपल्याकडून व्हायलाच हवं. पण एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. उत्खनन म्हणजे जागेचा नाशच असतो. त्या नाशाची भरपाई संग्रहातूनच काय ती होते, तीही वस्तूसोबतची चिठ्ठी शाबूत असेल तरच. स्थळ, चर, थर, खोली लिहिलेला तो कागद कसरीने खाल्ला, की खापर नुसतं खापर उरतं. म्हणून उत्खननाला पैसा मंजूर करतानाच पेट्या, नोंदवह्या आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद त्यात धरलेली असावी.