नाडीचा ताल बिघडतो तेव्हा



शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. कित्येकांची मुले दूरदेशी स्थायिक झाली आहेत. अशा घरांत छातीत धडधड झाली, की ‘गॅस झाला असेल’ म्हणून चिमूटभर ओवा चघळला जातो आणि मुलांना उगीच काळजी नको, म्हणून फोनवर त्याचा उल्लेखही होत नाही. आजचे चार शब्द या मौनाविषयी आहेत.

निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः 60 ते 100 वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा आकुंचन पावते. त्यात एखादा ठोका चुकणे ही बहुधा किरकोळ बाब असते; जागरण किंवा चहाचा अतिरेकही त्यास पुरेसा होतो. लहान मुलांची नाडी तर श्वास घेताना जलद आणि सोडताना मंद होते. तो दोष नव्हे.

उतारवयात अधिक आढळणारा एक प्रकार मात्र वेगळा आहे. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात; त्यास ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. मनगटावर तीन बोटे ठेवली, तर ठोक्यांचा काही हिशेबच लागत नाही. वेदना बहुधा नसते. कित्येकांना धडधडही जाणवत नाही. परंतु थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते आणि त्याची गुठळी मेंदूकडे गेली, की पक्षाघात होतो. रक्त गोठू न देणाऱ्या योग्य औषधाने हा धोका पुष्कळ कमी होतो. ते औषध डॉक्टरांनीच ठरवावयाचे. शेजाऱ्याच्या डबीतील ॲस्पिरिन हा त्यास पर्याय नव्हे. म्हणून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी आणि ती बेताल लागली, तर बरे वाटत असले तरी ईसीजी काढून घ्यावा. धडधड ओसरल्यावर काढलेला ईसीजी निर्दोषही येतो. अशा वेळी 24 तास अंगावर बाळगावयाचे होल्टर यंत्र लावतात.

हिंदी मुलखातील मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे. ‘जीव घाबरतो’ याचे डॉक्टरांपुढे ‘घबराहट’ झाले, की ऐकणाऱ्यास ते केवळ मनाचे दुखणे वाटण्याचा संभव असतो. त्यापेक्षा ठोके कसे पडत होते, ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवावे. पुष्कळ डॉक्टर स्वतःच तसे करावयास सांगतात.

धडधडीबरोबर छातीत दुखले, धाप लागली किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट पाहू नये. 112 क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि रुग्णालयात पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे राहून मुलास भोवळ येणे नित्याचे आहे. धावता धावता मूल बेशुद्ध पडणे तसे नव्हे, विशेषतः घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असेल तर. अशा मुलाने ‘आता बरा आहे’ म्हटले, तरी हृदयरोगतज्ज्ञांनी तपासल्याखेरीज त्याला पुन्हा शर्यतीत उतरवू नये, आणि ही हकिगत वर्गशिक्षकांच्या कानांवर अवश्य घालावी.