वही कोणाच्या घरी?



१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. वही एकट्या सावकाराकडे असे. कुळाला ती बहुधा वाचताही येत नसे. ब्लॉकचेनविषयी वाचताना मला ती होळी आठवते. येथे एकच वही हजारो अनोळखी माणसे आपापल्या संगणकावर जपतात आणि प्रत्येक नोंद स्वतः पडताळतात.

२००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनचे एक पान भरायला सुमारे १० मिनिटे लागतात. सेकंदाला सातएक व्यवहारांपलीकडे मजल नाही. पान मोठे करा, असा आग्रह धरणारे ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळे झाले. त्यांच्या बिटकॉइन कॅशने १ मेगाबाइटची मर्यादा ८ वर नेली. वही जड झाली की ती सामान्याच्या घरी मावणार नाही, हा विरोधकांचा आक्षेप. मला तो मोलाचा वाटतो. २०२० ची सोलाना सुमारे ०.४ सेकंदाला एक पान या हिशेबाने रचली गेली. तिला संगणक मात्र बलदंड लागतात, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती सुमारे १७ तास बंद पडली होती.

इथेरियमने तोडगा काढला: पुष्कळसे व्यवहार वरच्या थरांत उरकावेत, मूळ वहीत त्यांचा गोषवारा यावा. पण त्या थरांत नोंदींचा क्रम अजूनही बहुधा एकटा चालकच लावतो.