वैयावृत्त्य आणि विद्यादान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मी एक साधा कापड व्यापारी. बी.कॉम. झालो आणि पुढील सारे आयुष्य दुकानाच्या गादीवर गेले. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. तथापि ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षी मनातील एक जुनी थकबाकी आपल्यापुढे मांडावी, एवढ्यासाठी उभा आहे.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. रुग्ण व वृद्ध साधूंच्या सेवेला ‘वैयावृत्त्य’ म्हणून आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. आपल्या ट्रस्टने औषधदान मनापासून केले. परंतु ते औषध वेळेवर देणारा, जखम धुणारा, रात्री रुग्णाच्या उशाशी जागणारा हात कोणी घडवायचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आपल्या शेजारी मिरजेला कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले. तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले आणि ते देण्यासाठी परदेशातून प्रशिक्षित परिचारिका आल्या. परका मुलूख, परकी भाषा. तरीही आपल्या भागातील मुलींना त्यांनी ही विद्या दिली.

अशी विद्या देण्यासाठी येथूनही माणसे बाहेर गेली आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणा सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. १९३८ साली काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. सोबतचे डॉक्टर पुढे मायदेशी परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकून ते शस्त्रक्रिया करीत आणि विद्यार्थ्यांना शिकवीतही. १९४१ साली त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. त्याच वर्षी त्यांनी ज्यांच्याशी विवाह केला, त्या ग्वो छिंगलान तेथील वैद्यकीय विद्यालयात शुश्रूषा शिकविणाऱ्या अध्यापिका होत्या. दि. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टरांचे निधन झाले. चीनमधील शिजियाझुआंग येथे आज त्यांच्या नावाने वैद्यकीय विद्यालय चालते.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर मला यात एक हिशेब दिसतो. एका डॉक्टराने केलेल्या शस्त्रक्रिया मोजता येतात. त्याने शिकविलेल्यांनी आणि त्यांनी पुढे शिकविलेल्यांनी किती जीव वाचविले, याची बेरीज कोणत्या वहीत मांडणार? औषध वापरले की संपते. विद्या हे मुद्दल आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहते.

आता माझ्या थकबाकीविषयी. १९८२ साली माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि नर्सिंगला जाते म्हणाली. वडील तयार होते. मीच म्हणालो, “आपल्या घरची मुलगी रात्रपाळी करणार? लोक काय म्हणतील? वसतिगृहातील जेवणाचे काय?” विषय तेथेच संपला. पुढे १९९६ साली वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा तीच सासरहून धावत आली. रुग्णालयातील एका सिस्टरने तिला दोन दिवसांत सारे शिकविले : रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, घास कसा भरवावा. अकरा महिने वडील अंथरुणावर होते. पाठीला एकही जखम झाली नाही. एके दिवशी बहीण मला म्हणाली, “दादा, दोन दिवसांत एवढे आले. तीन वर्षे शिकले असते तर?” मी निरुत्तर झालो. ती आज या सभागृहात बसली आहे. तिची क्षमा मी घरी मागितली होती, आज समाजासमोर मागतो.

बंधूंनो, १९०१ साली कोल्हापुरात जैन बोर्डिंग सुरू झाले. जेवणाची आणि निवाऱ्याची सोय झाली म्हणून खेड्यापाड्यांतील मुले शिकली. तीच सोय आज नर्सिंग शिकू इच्छिणाऱ्या मुलींसाठी करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी निधीच्या व्याजातून दरवर्षी निदान दोन मुलींचे शुल्क, निवास आणि शुद्ध शाकाहारी भोजन यांचा भार ट्रस्टने उचलावा. आपल्या ज्या लेकी परिचारिका होऊन परदेशी जातील, त्यांनी रजेवर आल्यावर काही दिवस येथील मुलींना शिकवावे. त्यांच्या प्रवासाचा खर्च ट्रस्टने करावा. पहिल्या मुलीचा संपूर्ण खर्च माझे कुटुंब देईल. तिची निवड मात्र माझ्या बहिणीने करावी, एवढीच विनंती.

 बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्‌.

जय जिनेंद्र!