परदेशातील घरचे सण
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



परदेशातील सणांविषयी बोला, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना उत्तर अमेरिकेत १९८१ साली झाली. त्याच्या अधिवेशनांचा थाट आपण वृत्तपत्रांतून वाचताच. आम्ही सांगणार आहोत ते शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांच्या चार भिंतींतील सणांविषयी.

पहिला पेच तिथीचा. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. परंतु आमचा सूर्योदय येथील सूर्योदयानंतर दहा-अकरा तासांनी होतो. त्यामुळे येथे रविवारी येणारा सण तेथे कधी शनिवारीच येतो. त्यात मंडळाचा कार्यक्रम सुट्टी पाहून ठरावयाचा! यावर पुष्कळ वाद होतात. आम्ही मात्र इतकेच पाळतो की, शनिवारचा सण मंडळाचा, पण तिथीचा सण घरचा. त्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी देवापुढे निरांजन लागते आणि मुलांच्या डब्यात एखादा गोड पदार्थ जातो. वर्षाचे रुक्ष दिवस सुसह्य होतात ते या लहानशा गोष्टींमुळे, असा आमचा अनुभव आहे.

दिवाळी विशेष गोड. ऑक्टोबरअखेर शिकागोत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो; म्हणून नरकचतुर्दशीस सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करण्याचे पुण्य आम्हांस साडेसहाला उठूनही लाभते. आपणास हेवा वाटावा असे तेवढेच! फराळ मात्र कष्टाचा. भाजणी घरीच भाजून लहान यंत्रावर दळावी लागते, आणि चकली तळताना थोडा धूर झाला की छतावरील धोक्याची घंटा ठणाणा करू लागते. मग एकाने झारा धरावयाचा व दुसऱ्याने टॉवेलाने वारा घालावयाचा, ही आमच्या घरोघरची रीत. त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबरला, शेजारी भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. त्यांचा भोपळा आणि आमचा आकाशकंदील समोरासमोर उजळला, म्हणजे शेजारची मुले आपण होऊन विचारावयास येतात, आणि आमच्या मुलांना सण समजावून सांगावा लागतो. सांगता सांगता तीच तो शिकतात.

गणपतीला दूर्वांची अडचण. टेक्सासकडे अंगणात 'बर्म्युडा' या नावाने जे गवत लावतात ती आपली हरळीच. तिकडील मंडळी सुखी. उत्तरेकडे कुंडीत जपावी लागते. मूर्ती मातीची, विसर्जन बादलीत, आणि ती माती पुन्हा कुंडीत. गुढी वाऱ्यामुळे खिडकीच्या आत उभी राहते. असो.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते सांगतो. संक्रांतीचे हळदीकुंकू तेथे बाहेर बर्फ असताना होते. त्या दिवसांत पुष्कळ घरी भारतातून आलेल्या आई अथवा सासूबाई असतात, आणि त्यांतील काहींचे यजमान हयात नसतात. येथे अशी माउली त्या दिवशी माजघरात जाऊन बसते. तेथे आमच्या परिचयाच्या घरांतून तिला प्रथम पाटावर बसवून कुंकू लावतात, तिळगूळ व वाण देतात. प्रारंभी काहींनी हात मागे घेतले, डोळे पुसले; दुसऱ्या वर्षी त्यांनीच वाण काय लुटावयाचे ते ठरविले. परदेशात कोण पाहते म्हणून हे चालते, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस ऐकविले. आम्हांस हे मान्य नाही. तेथे आपल्या माणसांची संख्या थोडी, म्हणून प्रत्येक माणूस मोलाचे वाटते, इतकेच त्याचे कारण. येथे माणसे पुष्कळ आहेत, परंतु त्या माउलीला आई एकच असते का, हा प्रश्न नाही. तिच्या मुलांना ती एकच असते.

आपल्या सभेच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'सर्व सुवासिनींनी' असे छापले जाते. येत्या रथसप्तमीच्या समारंभापासून तेथे 'सर्व भगिनींनी' असे छापावे, अशी सूचना आम्ही व्यवस्थापक मंडळापुढे लेखी ठेवीत आहोत. तिला अनुमोदक हवा आहे; तो या सभागृहातूनच मिळावा, अशी आमची विनंती आहे.