ख्रिस्ती मठ आणि आश्रम

१८७७ सालीं वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी पुण्यास आल्या, त्या आपला इंग्लिश मठ बरोबर घेऊनच. वेष, नियम, प्रार्थनेचे प्रहर सारे तिकडचे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं १९१७ मध्यें साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथें मज्जाव नव्हता. दोनच वर्षांत ते निवर्तले. त्यांचे इंग्रजी चरित्रकार जॅक विन्स्लो यांनीं १९२२ मध्यें ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. संघाच्या पुण्यांतील आश्रमांत अंगावर खादी, अन्न शाकाहारी, आणि गोरा नि हिंदी एकाच पंक्तीस! साहेबाच्या राज्यांत ही गोष्ट लहान नव्हे. पण असें घर संन्याशांचेंच असावें, कीं गृहस्थांनाही तेथें ठाव असावा? १९३४ सालीं संघ दुभंगला.

पुढें रोडावलेल्या त्या आश्रमांत १९७२ मध्यें पुन्हां जीव आला, तो त्याच वाँटेजच्या भगिनींमुळें. सोबतीस सेक्रेड हार्टच्या रोमन कॅथॉलिक भगिनी होत्या.