आकड्यांची कुळकथा



आज ज्या विषयाचे विवेचन मी योजिले आहे, त्याला आरोग्य-विदाशास्त्र हे नाव अलीकडे पडले असले, तरी रोग आणि मृत्यू यांची मोजदाद करून त्यांची कारणे धुंडाळण्याचा उद्योग जुना आहे. लंडनच्या निबंधक कचेरीतून १८३९पासून विल्यम फार यांनी मृत्यूंची जी कारणवार वर्गवारी प्रसिद्ध करविली, ती याच विद्येची पूर्वपीठिका होय. नवे आहे ते दप्तराचे अवाढव्य आकारमान, आणि ते विद्यार्थ्यापुढे सहज उलगडण्याची सोय.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातील ‘मिमिक’ हा संग्रह पाहा. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या चाळीस हजारांवर रुग्णांच्या नाडीच्या, औषधांच्या आणि रक्तपरीक्षांच्या नोंदी आहेत. संशोधनातील नीतिनियमांचा छोटा अभ्यासक्रम पुरा करून, रुग्णाची ओळख शोधणार नाही असा करारनामा लिहून दिल्यावाचून हे दप्तर कोणासही उघडता येत नाही. एवढे सोपस्कार उरकून उत्साही विद्यार्थी पहिल्याच दिवशी वयांची सरासरी काढावयास बसतो, तो काही रुग्णांची वये तीनशे वर्षांच्या वर भरतात! गोपनीयतेसाठी साऱ्या तारखा पुढील शतकात सरकविलेल्या असतात आणि एकोणनव्वदीपलीकडील वृद्धांची खरी वये अशी मुद्दाम झाकलेली असतात, हे त्याने संग्रहाबरोबरच्या माहितीपत्रकात वाचलेले नसते. या फजितीतून मिळणारा धडा कोणत्याही सूत्राहून मोलाचा असतो.

तथापि तीनशे वर्षांचा म्हातारा डोळ्यांत तरी भरतो. जी चूक सुसंगत दिसते, ती अधिक घातक. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून मृत्यूचा संभव वर्तविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा यंत्राने असा निष्कर्ष काढला, की ज्यास दमा आहे त्यास धोका कमी. आकडे खोटे नव्हते. दमेकऱ्यास न्यूमोनिया झाला म्हणजे डॉक्टर त्याला तातडीने अतिदक्षता विभागात हलवीत आणि म्हणून तो वाचे. उपचाराचे श्रेय यंत्राने रोगाच्या पदरी टाकले. रिच कारुआना या संशोधकाने हा दृष्टांत पुढे वारंवार सांगितला आहे, आणि तो प्रत्येक वर्गात सांगावा अशा योग्यतेचा आहे.

संग्रह मोठा म्हणजे तो समाजाचे हुबेहूब प्रतिबिंब, ही दुसरी भ्रांती. ‘यूके बायोबँक’ या आरोग्य-नोंदींच्या ब्रिटिश संग्रहात ४० ते ६९ वयाचे सुमारे पाच लाख लोक २००६ ते २०१० या काळात सामील झाले खरे, पण निमंत्रणे सुमारे ९२ लाखांना गेली होती, आले ते साडेपाच टक्के, आणि जे आले ते सर्वसाधारण लोकांहून निरोगी व सुस्थितीतील. जे आले नाहीत, त्यांच्याविषयी हे पाच लाखांचे दप्तर मौन पाळून आहे.

आपल्याकडे नोंदी पारखण्याच्या या शिक्षणाची परंपराच नाही, असे मात्र समजू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली, तेव्हा बखरीच्या ऐटबाज कथनापेक्षा तत्कालीन पत्राचा जीर्ण कपटा त्यांनी प्रमाण मानला. आणि तो कपटाही कोणी, कोणास, कधी व कोणत्या हेतूने लिहिला याची छाननी करूनच. रुग्णालयातील नोंद हे असेच एक पत्र आहे: कोणी ती रात्रपाळीच्या घाईत लिहितो, कोणी विम्याची रक्कम मंजूर व्हावी म्हणून, तर कोणी रकाना रिकामा राहू नये एवढ्याचसाठी.

म्हणून विद्यापीठांच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याला गणित आणि संगणक अवश्य शिकवावा. परंतु लाखो नोंदींची किल्ली त्याच्या हाती देण्यापूर्वी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीपाशी त्याला महिनाभर बसवावे, आणि त्या वहीतील काही पाने त्याच्याच हातून भरवून घ्यावीत.